पाड्यावर आलेली प्रश्नावली

मुंबई-अहमदाबाद हायवेने चारोटी नाका ओलांडला की थोड्याच वेळात महालक्ष्मीचं देऊळ येतं. गावाचं नाव विवळवेढे. चैत्री पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला, इथली यात्रा सुरू होते आणि पंधरा दिवस चालते. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगडबरोबरच गुजरात आणि दादरा-नगर हवेलीतूनही माणसं येतात. पौर्णिमेच्या रात्री वाघाडीच्या सातवी घराण्यातला पुजारी अंधारात डोंगर चढतो आणि वर देवीचा ध्वज लावतो. देवी मूळची त्या डोंगरावरची. एका गरोदर भक्तिणीला चढण झेपेना, म्हणून ती पायथ्याशी उतरून आली, अशी कथा इथे सांगतात.

आता समजा, तुम्ही बी.ए.ला आहात. विषय समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र. कॉलेजने क्षेत्र प्रकल्प दिलाय आणि तुम्ही यात्राच निवडलीत. विचारण्यासारखं पुष्कळ आहे. कोण कुठून आलं? एका घराचा यात्रेत किती खर्च होतो? पावसाळ्याच्या बेगमीची खरेदी अजून इथेच होते, की तालुक्याच्या बाजारात? नवस बाईचा असतो की घराचा? वीटभट्टीवर गेलेलं कुटुंब यात्रेसाठी गावी येतं का? या प्रश्नांची उत्तरं कोणत्याही वेबसाइटवर नाहीत. ती माणसांकडे आहेत, आणि माणसं समोर आहेत.

पण या भागात प्रश्न घेऊन आलेले तुम्ही पहिले नाही. जवळपास दोनशे वर्षं कोणी ना कोणी इथे वही घेऊन येतंय. कोण आलं, काय विचारलं, आणि मिळालेलं उत्तर कुठे गेलं, हा इतिहास पदवीच्या विद्यार्थ्याने प्रकल्प सुरू करण्याआधी एकदा तरी पाहायला हवा. कारण समोरच्या आजीला तो नावानिशी माहीत नसला, तरी वहीवाल्या माणसाबद्दलचा तिचा सावधपणा त्याच इतिहासातून आला आहे.

पाद्री, गॅझेटियर आणि साहेब

वारल्यांविषयीच्या सुरुवातीच्या छापील लेखांपैकी एक मुंबईच्या जॉन विल्सन यांचा. हे स्कॉटिश मिशनरी. मुंबईचं विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचं. उत्तर कोकणातल्या वारली आणि कातोडी लोकांवरचा त्यांचा लेख १८४३ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यातला गमतीचा भाग म्हणजे सरळ सवालजबाब आहेत. तुमचा देव कोण, त्याला आकार काय, तो देतो काय, असं पाद्रीसाहेब विचारत जातात आणि वारली उत्तर देतात. देव वाघ्या. शेंदूर फासलेला दगड. तो वाघापासून राखतो, पीक देतो. दगड हे सगळं कसं करील, असं विचारल्यावर उत्तर येतं, की दगडाखेरीज तिथे आणखीही काही आहे. आणि कोंबडं-बकरं देऊनही देवाने त्रास दिला, तर आम्ही त्याला चांगलं खडसावतो.

आज वाचताना जाणवतं, की या संवादात उत्तर देणारा जास्त मोकळा आहे. विचारणाऱ्याला काय सिद्ध करायचं आहे ते आधीच ठरलेलं आहे. शिवाय लेख छापला गेला इंग्रजीत आणि वाचला गेला पाड्यापासून फार दूर. उत्तर देणाऱ्याचं नावही आपल्यापर्यंत आलेलं नाही. 

पुढे १८८२ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याचा खंड निघाला. त्यात वारली, कोकणा, काथोडी, दुबळा अशी एकेका जमातीची नोंद आहे: दिसतात कसे, खातात काय, लग्न कसं लावतात. माहिती पुष्कळ, पण मांडणी कारभाराच्या सोयीची. कोणत्या तालुक्यात कोणती माणसं आहेत, हे साहेबाला एका ठिकाणी सापडलं पाहिजे.

तिसरी वही वेगळी होती. १९३०च्या दशकाच्या शेवटी मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या आय.सी.एस. अधिकाऱ्याला इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला लावलं. त्यांचा अहवाल सरकारी असूनही गुळमुळीत नव्हता. सावकार, जमीनदार आणि जंगल ठेकेदार वारल्यांकडून वेठ कशी घेतात, मारहाण कशी होते, लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको दोघंही सावकाराच्या घरी कशी बांधली जातात, हे त्यात आलं. अशा माणसाला इथे ‘लग्नगडी’ म्हणत. शब्द कानाला गोड लागतो, अर्थ गुलामीचा.

म्हणजे १९३९पर्यंत सरकारला सगळं माहीत होतं. कागदावर होतं, सहीनिशी होतं. तरीही वेठ चालूच राहिली. नुसत्या चांगल्या संशोधनाने काय होतं आणि काय होत नाही, याचं इतकं स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

एकाच वर्षातले तीन अभ्यास

१९४५ हे वर्ष या भागाच्या इतिहासात विलक्षण आहे. काही मैलांच्या अंतरात, त्याच लोकांमध्ये, तीन वेगवेगळ्या प्रकारची माणसं काम करत होती.

पहिले के. जे. सावे. ते सरकारी अधिकारी होते. त्यांचं ‘द वारलीज’ हे इंग्रजी पुस्तक १९४५ साली मुंबईच्या पद्मा पब्लिकेशन्सने काढलं. वारल्यांचे देव, लग्नविधी, भगत, गाणी, घरं, शेती हे सगळं एकत्र बांधून ठेवणारं ते पहिलं मोठं पुस्तक. आजही वारल्यांवर काही लिहायचं तर सावे वाचावेच लागतात.

दुसऱ्या गोदावरी परुळेकर. पुण्यात शिकलेल्या, वकिलीची पदवी घेतलेल्या, भारत सेवक समाजात काम केलेल्या गोदावरीबाई किसान सभेच्या कार्यकर्त्या म्हणून इथे आल्या. २३ मे १९४५ रोजी झरी गावात सुमारे पाच हजार वारली जमले आणि वेठबिगार करायची नाही असं ठरलं. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं, आज तलासरी तालुक्यात आहे. पावसाळा संपल्यावर गवतकापणीचा संप झाला. मागणी नेमकी होती: पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले.

गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक पुढे १९७०मध्ये आलं आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपण ते चळवळीचं पुस्तक म्हणून वाचतो. पण एकदा समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून वाचून पाहा. सुरुवातीला माणसं तोंड का उघडत नाहीत, भीती कशी दिसते, विश्वास कधी बसतो, एका घरात रात्र काढल्यावर काय कळतं जे दहा सभांत कळत नाही, हे सारं त्यात आहे. संशोधन पद्धतीच्या पेपरात ‘सहभागी निरीक्षण’ अशी जी चार ओळींची व्याख्या आपण पाठ करतो, तिचा मराठीतला इतका जिवंत नमुना दुसरा शोधावा लागेल. आणि ‘पाचशे पौंडांना अडीच रुपये’ हा आकडा तरी कुठून येतो? माणूस दिवसाला किती कापतो, हातात काय पडतं, घर चालायला काय लागतं, हे कोणीतरी नीट विचारल्याशिवाय मागणी इतकी नेमकी होत नाही.

तिसऱ्या ताराबाई मोडक. त्याच १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे १९५७च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. त्यांच्यासमोरचा प्रश्न साधा दिसतो: आदिवासी मूल शाळेत का येत नाही? ‘त्यांना शिक्षणाची आवड नाही’ हे उत्तर तयारच होतं आणि गावोगावचे शहाणे ते देतही होते. या बायकांनी मात्र मूल दिवसभर करतं काय ते पाहिलं. मूल गुरं राखतं, धाकट्या भावंडाला सांभाळतं. मग शाळाच गुरांमागे कुरणात नेली, तिचं नाव कुरणशाळा. पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली, तिची अंगणवाडी झाली. आज देशभर सरकारी कागदांवर असलेला हा शब्द डहाणूच्या पाड्यांवरच्या निरीक्षणातून आलेला आहे.

एकाने नोंद केली. दुसरीने ऐकलं आणि लोकांबरोबर उभी राहिली. तिसरीने पाहिलं आणि शाळेची रचना बदलली. तिघांचीही कामं मोलाची आहेत. पण तिघांत एक गोष्ट समान आहे: प्रश्न विचारणारं कोणीही वारली नव्हतं. उत्तर देणाऱ्यांपैकी जवळपास कोणालाही ते लिहिलेलं वाचता येणार नव्हतं.

विद्यार्थ्याची वही किती टिकते

‘आमच्या प्रकल्पाला कोण विचारतं? शेवटी गुणांसाठीच तर आहे,’ असं पदवीचा विद्यार्थी म्हणतो. त्याच्यासाठी दोन-तीन जुन्या गोष्टी.

९ मे १९१६. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात एका पंचवीस वर्षांच्या भारतीय विद्यार्थ्याने निबंध वाचला. विषय, भारतातल्या जाती कशा निर्माण झाल्या आणि कशा टिकल्या. विद्यार्थी होते भीमराव आंबेडकर. तो वर्गातला निबंध होता. पुढच्याच वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला गेला आणि शंभर वर्षांनंतरही जगभर शिकवला जातो. जातीने ज्याला सोसायला लावलं, तोच तिच्याकडे अभ्यासक म्हणून पाहत होता. चीड असेल, पण निबंधात तर्क होता, पुरावा होता, आधीच्या अभ्यासकांशी वाद होता.

आंबेडकर तेव्हा एम.ए. झालेले होते, ही गोष्ट वेगळी म्हणाल. मग मद्रासकडे या. गिल्बर्ट स्लेटर हे मद्रास विद्यापीठातले अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना प्रश्नांची यादी दिली आणि सांगितलं, सुट्टीत घरी जाल तेव्हा आपापल्या गावाची पाहणी करून या. जमीन कोणाची, मजुरी किती, कर्ज किती, घरात भांडी कोणती. मुलांनी आणलेल्या या पाहण्यांचं पुस्तक १९१८ साली निघालं. पुढे १९३०च्या दशकात दुसऱ्या अभ्यासकांनी त्याच गावांची फेरपाहणी केली, नंतर आणखी कोणी केली. त्यातल्या इरुवेलपट्टूसारख्या गावाचा पाठपुरावा एकविसाव्या शतकापर्यंत चालू राहिला. गाव शंभर वर्षांत किती बदललं, हे आज सांगता येतं ते सुट्टीत घरी गेलेल्या पोरांनी पहिला आकडा लिहून ठेवला म्हणून.

आपल्याकडेही जवळपास त्याच काळात पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांबरोबर एका खेड्याची कसून पाहणी केली. जमिनीचे तुकडे, पिकं, कर्ज. पुस्तक १९१७ साली आलं. खेड्याचं नाव होतं पिंपळे सौदागर. हो, तेच. जिथे आज टॉवर आणि मॉल आहेत, तिथल्या शेतकऱ्याच्या घरचा शंभर वर्षांपूर्वीचा हिशोब त्या पुस्तकात आहे.

डहाणूचंही तेच होणार आहे. हायवे आहे, वाढवणचं बंदर मंजूर झालं आहे, तलासरीतून रोज सकाळी माणसं उंबरगाव-वापीच्या कारखान्यांकडे निघतात, कोणी वीटभट्टीवर, कोणी गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून. वीस वर्षांनी कोणीतरी विचारील, की २०२०च्या दशकात विवळवेढ्याच्या यात्रेत माणसं काय विकत घेत होती, पाड्यावर रात्री कोणती बोली बोलत होती, पोरी कितवीनंतर शाळा सोडत होत्या. तेव्हा उत्तर कुठे असेल? कदाचित तुमच्या स्पायरल बाइंडिंगमध्ये.

आपल्याच माणसाला विचारताना

आता परिस्थिती बदलली आहे. बोर्डीला, पालघरला जुनी कॉलेजं आहेत. तलासरीत गोदावरी-शामराव परुळेकरांच्या नावाचं कॉलेज आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा २००६पासून होते आणि तिच्यात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा गट आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्र प्रकल्प अभ्यासक्रमात आणला, चौथ्या वर्षी संशोधनासह पदवीची सोय केली. ज्यांच्या आजोबांना कोणीतरी प्रश्न विचारले होते, त्यांची नातवंडं आज प्रश्नावली तयार करतायत. दोनशे वर्षांच्या या गोष्टीत हे पहिल्यांदा घडतंय.

म्हणून काम आपोआप चांगलं होईल असं मात्र नाही. घरचा माणूस असण्याचे फायदे उघड आहेत. बोली येते, कोणत्या वेळी कोण घरी सापडेल ते ठाऊक असतं, हसण्यातला होकार आणि हसण्यातला नकार वेगळा ओळखू येतो. अडचणीही तशाच आहेत. काकू म्हणते, ‘तुला माहीतच आहे की सगळं,’ आणि उत्तर तिथेच संपतं. शेजारच्या पाड्यावर जायचं टाळलं जातं. दारू, मारहाण, भुताळी ठरवलेली बाई, जमिनीवरून झालेलं भावाभावाचं भांडण, हे प्रश्न प्रश्नावलीत येतच नाहीत, कारण उद्या त्याच घरी लग्नाला जायचं असतं. बाहेरच्याला न दिसणारं घरच्याला दिसतं, आणि घरच्याला सवयीने दिसेनासं झालेलं बाहेरच्याला दिसतं. त्यामुळे चांगला प्रकल्प करणारा विद्यार्थी काही काळ आपल्याच घरात पाहुणा होतो. माहीत असलेलंही विचारतो आणि मिळालेलं उत्तर आपल्या समजुतीपेक्षा वेगळं निघालं तर ते तसंच लिहितो.

दुसरी अडचण भाषेची. प्रश्नावली इंग्रजीत बनते, मराठीत येते, पाड्यावर वारलीत विचारली जाते, उत्तर वारलीत मिळतं, मराठीत लिहिलं जातं, अहवालात पुन्हा प्रमाण मराठी किंवा इंग्रजी. एवढ्या हातांतून गेल्यावर शब्दाचं काय उरतं? ‘लग्नगडी’ला नुसतं ‘मजूर’ म्हटलं असतं, तर सिमिंग्टनच्या अहवालातला निम्मा अर्थ गेला असता. म्हणून माणसाने वापरलेला शब्द जसाच्या तसा लिहायचा आणि शेजारी त्याचा अर्थ द्यायचा. हे काम मुंबईच्या प्राध्यापकापेक्षा तलासरीची मुलगी नक्की चांगलं करील.

तिसरी गोष्ट परवानगीची. आपली माणसं आहेत म्हणून विचारायची गरज नाही, असं वाटतं. उलट आहे. मावशी तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, म्हणून तिला नाही म्हणायची वाट मोकळी ठेवणं हे तुमचं काम. तिचा फोटो, तिचं नाव, तिच्या घरातलं भांडण तिच्या होकाराशिवाय अहवालात जाता कामा नये. १८४३ साली कोणी परवानगी विचारली नव्हती, हे आपण आज दाखवून देतो. आपल्याबद्दल पुढच्यांना तसं म्हणायला लागू नये.

उत्तर परत कुठे जातं

सर्वांत मोठा प्रश्न शेवटचा आहे. विल्सनची उत्तरं लंडनला गेली. गॅझेटियरची सचिवालयात. सिमिंग्टनचा अहवाल फायलीत. सावेंचं पुस्तक ग्रंथालयात. ताराबाईंचं निरीक्षण मात्र अंगणात परत आलं, आणि गोदावरीबाईंनी ऐकलेलं झरीच्या सभेत परत आलं. इतिहासात फरक तिथे पडला.

पदवीच्या प्रकल्पाचं उत्तर साधारणपणे कॉलेजच्या कपाटात जातं आणि काही वर्षांनी रद्दीत. हे टाळता येतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

डहाणू आणि तलासरी हे पाचव्या अनुसूचीतले तालुके आहेत. इथे १९९६चा पेसा कायदा लागू आहे आणि ग्रामसभेला खरा अधिकार आहे. तुमच्या पाहणीत पाड्यावरच्या किती घरांना उन्हाळ्यात पाण्यासाठी किती चालावं लागतं हे मोजलं असेल, तर ते ग्रामसभेत वाचून दाखवा. आकडा चुकला असेल, तर तिथेच कोणीतरी म्हातारा उठून दुरुस्त करील. संशोधनाच्या भाषेत याला पडताळणी म्हणतात.

आणि वन हक्क कायदा तर सरळ सांगतो. २००६च्या या कायद्याच्या नियमांत दाव्याच्या पुराव्यांच्या यादीत दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लेखी उतरवून घेतलेला जबाब धरला आहे. म्हणजे अमुक डोंगरउतारावर कोण कधीपासून नाचणी-वरी पिकवत होतं, हे सांगणाऱ्या आजोबांचं म्हणणं कागदावर नीट उतरलं, तर ते कामाचं असू शकतं. गोष्ट ऐकायला गेलेल्या विद्यार्थ्याच्या हातात एखाद्या घराची जमीन असू शकते. मग तारीख चुकवून, अंदाजे लिहून, मित्राच्या प्रकल्पातली पानं चिकटवून चालेल का?

म्हणून प्रकल्पाच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहा. कोणत्या तारखांना विचारलं. कोणत्या पाड्यावर. किती जणांना, त्यांत बायका किती. आणि कोणाला विचारता आलं नाही: स्थलांतराला गेलेले, आजारी, बोलायला घाबरलेले. ही चौथी ओळ बहुतेक अहवालांत नसते, आणि खरा अभ्यासक तीच आधी शोधतो. अहवालाच्या तीन प्रती काढा. एक कॉलेजला, एक ग्रामपंचायतीला, एक ज्यांनी सर्वांत जास्त वेळ दिला त्या घरात. त्या घरात आता वाचणारं कोणीतरी असतं.